अल्पसंख्य कोण? डॉ. आंबेडकरांची मांडणी आणि नाशिक

भीमराव आंबेडकर हे घराण्यातील पहिलेच पदवीधर. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्युई यांचे विद्यार्थी होते. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकारविषयक साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. वय अवघे सत्तावीस. या निवेदनातील मागण्यांची चर्चा पुष्कळ झाली, त्यामागील युक्तिवादाची त्या मानाने कमी. समविचारीपणा जन्मतः लाभत नाही, तो परस्परसंपर्कातून घडतो. स्पृश्य व अस्पृश्य यांच्यात असा संपर्कच नसल्याने एकाचे हित दुसऱ्याच्या प्रतिनिधीकडून राखले जाणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे राजकीय मताचे मूळ त्यांनी धर्मात वा संख्येत न शोधता सामाजिक व्यवहारात शोधले.

सायमन आयोगाला १९२८ मध्ये दिलेल्या निवेदनात प्रौढ मताधिकार मिळाल्यास संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा पुरेशा मानल्या होत्या. याला धरसोड म्हणणे उचित नव्हे. मतदार कोण, यावर उपाय अवलंबून होता.

पुस्तकी वाटणाऱ्या या सिद्धांताची कसोटी नाशिकला लागली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहास प्रारंभ झाला. हजारोंची मिरवणूक आली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. एप्रिलमध्ये रामरथ ओढण्याच्या प्रश्नावरून दगडफेक व मारहाण झाली. ज्या देवाचे नाव दोन्ही बाजूंच्या मुखी होते, त्याच्याच दारात परस्परसंपर्काचा अभाव इतका उघडपणे दिसावा! त्याच वर्षअखेरीस गोलमेज परिषद भरली. तेथे मांडलेल्या योजनेत आरंभीच्या दहा वर्षांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते. नाशिकच्या अनुभवाचा त्यात वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. मार्च १९३४ मध्ये भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात, मूर्तिपूजेचा हक्क हा सत्याग्रहाचा हेतू नव्हता, समाजाला जागे करणे हा होता, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढील वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

घटना समितीसाठी तयार केलेल्या १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात १९१९ चाच धागा परिपक्व रूपात येतो. समूह अल्पसंख्य आहे की नाही याची खरी कसोटी सामाजिक भेदभाव ही होय, असे तेथे म्हटले आहे. या निकषानुसार अनुसूचित जाती धर्माने हिंदू गणल्या गेल्या तरी अल्पसंख्य ठरतात. धोरणही त्याच बेताचे: स्वतंत्र मतदारसंघ, स्वतंत्र वसाहती आणि शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे. संविधानाने राखीव जागा स्वीकारल्या, मतदारसंघ मात्र संयुक्तच राहिले. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाला त्यात स्थान मिळाले नाही.