गाव आणि ग्रंथकार : नांत येथील ज्यूल व्हर्न संग्रहालय



इंदूरच्या आपल्या या शाळेत मी सातवीत होतो, तेव्हा ग्रंथालयाच्या कपाटातून ज्यूल व्हर्नची एक कादंबरी माझ्या हाती आली. ती मराठीत आणली होती भा. रा. भागवतांनी. मूळ लेखक फ्रेंच आहे याची मला गंधवार्ता नव्हती, आणि भागवतांचा जन्म १९१० साली आपल्याच इंदुरात झाला हेही ठाऊक नव्हते. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या अज्ञानातूनच सुचला आहे. ग्रंथकाराचे स्मरण त्याच्या जन्मगावाने कसे करावे, हा तो प्रश्न होय.

नांत हे फ्रान्सच्या पश्चिम भागातील ल्वार नदीवरचे जुने बंदर. तेथील फेदो बेटावर, आजोळच्या घरी, ८ फेब्रुवारी १८२८ रोजी व्हर्नचा जन्म झाला. वडील वकील होते. आपली वकिली मुलाने पुढे चालवावी अशी त्यांची अपेक्षा होती आणि कायद्याच्या अभ्यासासाठी १८४८ साली तो पॅरिसला गेला. तेथे तो नाटकांत आणि लेखनात रमला. गावी परतून वकील झाला नाही. १८७१ पासून त्याने आमियाँ येथे बिऱ्हाड केले, १८८८ मध्ये तेथील नगरसभेवर निवडून आला आणि २४ मार्च १९०५ रोजी तेथेच निवर्तला. त्याचे आमियाँमधील राहते घरही आज संग्रहालय आहे. राहते घर आणि समाधी ही दोन्ही दुसऱ्या गावाकडे गेली. नांतकडे उरले ते केवळ बालपण.

एवढ्या भांडवलावर नांतने १९७८ साली, व्हर्नच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षी, संग्रहालय उभारले. सेंत-आन टेकडीवरील ज्या जुन्या घरात ते थाटले, त्या घरात व्हर्न कधीही राहिला नव्हता! मग हेच घर का योग्य ठरावे? कारण तेथून ल्वारचे पात्र आणि बंदर दिसते. व्हर्नने उतारवयात बालपणाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत हीच नदी आहे. धक्क्याला लागलेली जहाजे आहेत, तासन्‌तास पाहिलेली यंत्रशाळा आहे, आणि एक फुटकी होडीही आहे. ती होडी बुडाली, तेव्हा हा मुलगा नदीतल्या बेटावर रॉबिन्सन क्रूसोसारखा एकटा अडकला. ओहोटी लागताच पाण्यातून चालत काठावर आला. पुढे ज्याने कितीएक वीरांना निर्जन बेटांवर नेऊन सोडले, त्याचे पहिले बेट हे असे होते.

याच बालपणाची आणखी एक कथा सांगतात. अकराव्या वर्षी नात्यातील बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणावी म्हणून तो जहाजावर चढून पळाला आणि वडिलांनी त्याला वाटेत गाठून परत आणले. कथा गोड आहे, पण ती नात्यातील एका लेखिकेने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून आलेली आहे आणि पुढील अभ्यासकांनी तिच्याविषयी रास्त शंका घेतल्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकले पाहिजे. गावाचे प्रेम दंतकथेला लवकर भुलते. तिला कागदपत्रांची जोड मिळाली नाही, तर स्मारकाचे देऊळ होते आणि मग प्रश्न विचारणे थांबते.

नांतने कागदपत्रांची काळजी वाहिली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. १९८१ साली नगराने व्हर्नच्या वारसांकडून त्याची हस्तलिखिते विकत घेतली. ती नगरग्रंथालयात आल्याने अभ्यासकांना खुली झाली. व्हर्नच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांत त्याच्या मुलाने किती फेरफार केले होते, हे हस्तलिखितांमुळेच पडताळता आले. संग्रहालयाची काचपेटी लेखक दाखवते. हस्तलिखित त्याला तपासू देते.

व्हर्नचे आपल्याशी नाते काय, असे कोणी विचारील. हिंदुस्थान त्याने डोळ्यांनी पाहिला नाही. पण त्याचा फिलिअस फॉग मुंबईहून आगगाडीने निघतो तो खानदेशातून, आपल्या शेजारच्या बऱ्हाणपुरावरून जातो. पाणबुडीचा स्वामी कॅप्टन निमो हा १८५७च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र, असे रहस्य १८७५ साली ग्रंथरूपाने पूर्ण झालेल्या कादंबरीत उलगडते. १८८०च्या एका कादंबरीत तर वाफेचा यांत्रिक हत्ती आहे आणि नानासाहेब पेशवे हे पात्रही. नांतमधील गोद्या १९८७ साली बंद पडल्या. त्या ओसाड जागेत २००७ पासून सुमारे बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती माणसांना पाठीवर घेऊन फिरतो आहे. हिंदुस्थानावर बेतलेल्या कल्पनेतला हत्ती असा लेखकाच्या गावी पोहोचला.

व्हर्न मराठीत आला तोही महाराष्ट्राबाहेरच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची चंद्रप्रवासाची कथा ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठी वाचकांना भेटली. कृष्णाजी नारायण आठल्यांनी हे मासिक चालवले ते कोचीनहून. पुढे इंदुरात जन्मलेल्या भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या घरोघर नेले. मुख्य भूमीपासून दूर वसलेल्या मराठी माणसांनी भाषेला काय दिले, याचा हा पुरावा आहे.

शेवटी एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या ग्रंथालय समितीवर होतो. जागा अपुरी म्हणून जुन्या बालमासिकांचे गठ्ठे रद्दीत घालण्याचा ठराव आला आणि मी न पाहता सही केली. त्यांत काय होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मराठी साहित्याच्या अध्यापकाने केलेला तो अपराध होता. त्याची टोचणी गेलेली नाही.

म्हणून आपणांकडे माझे मागणे लहान आहे. संग्रहालय नको, पुतळा नको. या शाळेत एक कपाट असावे. आपल्या घरांतील माळ्यांवर जी जुनी मासिके, पत्रे, अनुवाद, शिक्षकांच्या वह्या असतील, त्या तेथे याव्यात. प्रत्येकीवर ती कोणाकडून व कधी आली याची नोंद असावी. नांतला लेखकाचे घर मिळाले नाही, तरी त्याने कागद जपले आणि नदी दिसेल अशी खिडकी निवडली. आपल्या कपाटालाही काचेची दारे असावीत आणि किल्ली सातवीतल्या मुलाला मागता यावी.