मधल्या वयाची भाषा : मराठी कथनातील कुमारप्रेम, घर आणि मुलीचा आवाज

१

कुमारवयातील प्रेमाचे चित्रण करणाऱ्या मराठी कथनांविषयी लिहिताना ‘निरागस’, ‘हळुवार’, ‘स्मरणरम्य’ ही विशेषणे सहजपणे योजिली जातात. या विशेषणांखाली दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली ही की, हे वय निसर्गदत्त असले तरी बालपण आणि विवाह यांच्यामधला त्याचा सामाजिक अवकाश इतिहासाने, म्हणजे कायदा, शाळा आणि शहर यांनी घडविलेला आहे. दुसरी ही की, या प्रेमाला भाषा पुरविते ती बहुधा घरातली अडचण : आईवडिलांपासूनचा दुरावा, मृत्यू, ओढग्रस्त संसार, वडीलधाऱ्यांची सत्ता. या दोन गोष्टी समोर ठेवून गाजलेल्या कथनांचा कालक्रम लावला की एक विसंगती दिसू लागते. मुलीच्या वाट्याला हा मधला काळ जसजसा अधिक येत गेला, तसतसे त्याचे निवेदन मुलाच्या हाती जात राहिले.

२

या अवकाशाचा इतिहास किती जुना आणि किती गुंतागुंतीचा आहे, हे वसईच्या उदाहरणावरून कळते. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहासाठी धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. वधूवरांची परस्परसंमती हा तर या संस्काराचा गाभाच होता. म्हणजे वसईतील ख्रिस्ती मुलीला ‘तुझी संमती आहे काय?’ हा प्रश्न विचारण्याची तत्त्वतः सोय होती. परंतु चर्चच्या त्या वेळच्या नियमांप्रमाणे विवाहाचे किमान वय मुलीसाठी बारा व मुलासाठी चौदा होते. १९१७ च्या धर्मसंहितेने ते अनुक्रमे चौदा व सोळा केले. संमतीचा उच्चार करावयास लावणारी व्यवस्था होती, पण संमती ज्या वयात परिपक्व व्हावी ते वय मात्र व्यवस्थेने दिलेले नव्हते. होकाराचा शब्द आणि होकाराचा अवकाश यांतील हे अंतर पुढे अन्य समाजांतही वेगवेगळ्या रूपांत आढळते.

१८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत उपनगरी आगगाडी सुरू झाली. त्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशी, मुंबईत, पुढे सतरा वर्षांनी हाच प्रश्न न्यायालयात उभा राहिला. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या मात्र आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या आणि कुमारवयातच त्यांचा नकार पक्का झाला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा दाखल केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये मात्र नवऱ्याकडे जावे अथवा सहा महिने तुरुंगवास पत्करावा, असा आदेश झाला. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, १८८५ मध्ये रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये पत्रे लिहून बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे खुंटते हे मांडले. ती पत्रे ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने आणि इंग्रजीत होती. मधल्या वयाविषयीचा मुलीचा उद्गार प्रकट झाला, पण स्वतःचे नाव आणि स्वतःची भाषा ही दोन्ही बाजूला ठेवून.

३

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले. त्याच सुमारास, १८९० पासून, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमूच्या आत्मकथनाच्या रूपात लिहिलेल्या या कादंबरीकडे विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणूनच प्रामुख्याने पाहिले जाते. परंतु तिच्या मध्यभागी एक कुमारप्रेमाची कथा आहे, आणि ती विवाहाच्या आत घडते. यमू आणि रघुनाथराव यांच्यातील अनुराग वाचन-लेखनाच्या द्वारे वाढतो, आणि तो मोकळा होतो तो एकत्र कुटुंबाबाहेर, मुंबईच्या बिऱ्हाडात. माहेरी आईचा मृत्यू व वडिलांचे दुसरे लग्न, सासरी वडीलधाऱ्यांचा जाच, या दोन घरांच्या मध्ये यमूला मिळालेले ते एकच मोकळे स्थळ होय. रघुनाथरावांच्या मृत्यूबरोबर ते स्थळ नाहीसे होते आणि कुटुंबसत्ता तिच्या केशवपनाच्या रूपाने पुन्हा आपला हक्क बजावते. प्रेमाने घराशी सामना करण्याचे बळ दिले, पण ते बळ पतीच्या आयुष्याइतकेच टिकले. निवेदन येथे मुलीचे आहे, लेखणी मात्र पुरुषाची.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. शिक्षणाचा प्रसार आणि हुंड्याची अडचण यांमुळे मध्यमवर्गीय मुलीचे अविवाहितपण प्रत्यक्षात त्याहूनही लांबले. या लांबलेल्या काळाचे पहिले धीट चित्रण विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहात आले. त्यातील नायिका वयाने कुमारी राहिलेल्या नाहीत, परंतु त्यांची कोंडी याच मधल्या काळातून उद्भवलेली आहे. मुलीचे शिक्षण आणि तिची मिळकत घराला हवीशी वाटते, तिची इच्छा मात्र अडचणीची ठरते. येथे कुटुंबाची ओढाताण प्रेमाची केवळ पार्श्वभूमी राहत नाही. तीच प्रेमाचा प्रतिपक्ष होते. आणि पुन्हा, मालतीबाई बेडेकरांना हे लिहिण्यासाठी टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला. परके नाव, परकी भाषा किंवा पुरुषाची लेखणी यांपैकी एखादे आवरण घेऊनच हा आवाज मराठी वाचकापुढे आला.

४

स्वातंत्र्योत्तर काळात सहशिक्षण रुळले, मधले वय ही मध्यमवर्गीय जीवनातील नेहमीची अवस्था झाली आणि कथनाचे केंद्र सरकले. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) पासून ‘झुंबर’ (२००२) पर्यंतच्या चार संग्रहांत लंपन हा मुलगा निवेदक आहे. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील गावात आजी-आजोबांकडे तो वाढतो. सुमीविषयीची त्याची ओढ या दुराव्यापासून वेगळी काढता येत नाही. आईच्या अनुपस्थितीत निर्माण झालेली जी पोकळी त्याला नाव देऊन सांगता येत नाही, तिच्याच काठावर सुमी उभी आहे. आपल्या भावनेला लंपन नाव देत नाही. शरीराला जे जाणवते तेवढेच तो सांगतो. संतांच्या शैलीचे हे वैशिष्ट्य केवळ बालसुलभ भाषेचा प्रयोग म्हणून पाहणे अपुरे आहे, कारण घरात जे बोलले जात नाही ते न बोलण्याची शिस्त या शैलीने आत्मसात केली आहे.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही या परंपरेतील सर्वांत परिचित कादंबरी. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी हा निवेदक आणि त्याची ‘शिरोडकर’. मुले जमतात ती अर्धवट बांधून झालेल्या इमारतीत. हे स्थळ निव्वळ सोयीचे नाही. घर आणि शाळा या दोन सत्तास्थानांच्या मध्ये, अजून कुणाचेही घर न झालेल्या वास्तूत मधले वय आपला मुक्काम टाकते. देशातील दडपण, शाळेतील छडी आणि घरातील धाक यांची सांगड कादंबरी शांतपणे घालते. सुऱ्याच्या चिठ्ठीचे प्रकरण उघडकीस येते तेव्हा शाळा आणि पालक एकाच सत्तेची दोन अंगे असल्याचे स्पष्ट होते. मात्र शिरोडकरच्या मनात काय आहे हे मुकुंदला जेवढे कळते तेवढेच वाचकाला कळते. शाळेच्या रिवाजाप्रमाणे ती आडनावाने, म्हणजे तिच्या वडिलांच्या घराच्या नावाने, ओळखली जाते आणि अखेर त्या घरामागोमाग गाव सोडून जाते. मुकुंदाच्या दृष्टीने ही विरहाची घटना आहे. तिच्या दृष्टीने ती कोणती घटना होती, हे सांगणारी कादंबरी ‘शाळा’च्या शेजारी उभी नाही. हा बोकिलांचा दोष नव्हे. निवेदकाच्या मर्यादेशी ते प्रामाणिक राहिले आहेत. प्रश्न परंपरेचा आहे.

५

कादंबरीतील त्या काळात मुलीच्या विवाहाचे कायदेशीर वय पंधरा होते. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या शरीरसंबंधातील संमतीला कायद्याच्या दृष्टीने अर्थ उरला नाही. अत्याचारापासून संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यक असली, तरी परस्परांच्या ओढीने घर सोडणारी सतरा वर्षांची मुलगीही तिच्या कक्षेत येते. होकाराचा शब्द होता पण अवकाश नव्हता, अशा स्थितीपासून निघालेला हा प्रवास, अवकाश आहे पण शब्दाला मोल नाही, अशा स्थितीशी येऊन ठेपला आहे.

विरारहून सुटणाऱ्या गाडीच्या मार्गावर आता एक महानगर उभे आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती. ‘शाळा’तील अपुरी इमारत ज्या प्रकारच्या विस्ताराची खूण होती, त्याच विस्ताराने येथील भातशेते, वाड्या आणि मिठागरे यांच्यामध्ये वसाहती वसविल्या. अशा शहरात पहाटे घर सोडून रात्री परतणारे आईवडील, कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली दोन खोल्यांची जागा आणि फलाटावरची भेट या कुमारप्रेमाच्या नव्या अटी आहेत. घर सोडलेल्या मुलीचे म्हणणे दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबात नोंदले जाते. घर तिने का सोडले, तेथे काय असह्य झाले होते, हे त्यात येते ते प्रश्नाला उत्तर म्हणून, खटल्याला लागेल तेवढेच. रखमाबाईंना न्यायालयाबाहेर पत्रे लिहावी लागली, कारण दाव्याच्या कागदांत त्यांचे म्हणणे मावत नव्हते. जबाबात न मावणारे ते उरलेले सांगणे हेच कादंबरीचे क्षेत्र आहे. मराठी कादंबरीने मुलाच्या स्मरणाला तेथे भरपूर जागा दिली. मुलीच्या उद्गाराला, स्वतःच्या नावानिशी आणि स्वतःच्या भाषेत, तेवढीच जागा देणे हे तिचे जुने देणे आहे.