जुन्या जीपमध्ये सामानाची सोय करायची आहे? आधी आरसी उघडा!

गिरगाव, लालबाग, परळच्या गल्ल्यांमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली एखादी जुनी जीप आजही दिसते. अशी गाडी घेऊन पावसाळ्यात माळशेजला किंवा कोकणात निघायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो तो सामान ठेवायचं कुठे हा. मग कुणी पुढे लोखंडी गार्ड लावतं, कुणी मागची बाकडी काढून पेटारा बसवतं. हौस म्हणून केलेलं हेच काम पुढे नोंदणीच्या वेळी महागात पडू शकतं. म्हणूनच काय बसवावं आणि काय टाळावं, ते समजून घेऊया.

मुंबई आणि जीपचं नातं

भारतातल्या जीपची गोष्ट इथूनच सुरू होते. महिंद्रा कंपनीने १९४९ साली लालबागपासून जवळच असलेल्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या मूळ विलीज जीपला कागदोपत्री 'पाव टन ट्रक' म्हटलं जायचं. सामानाची सोय तिच्यात आधीपासूनच होती. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हत्यारांचे कप्पे, बाजूला फावडं-कुऱ्हाड अडकवायची जागा आणि पाठीमागे जेरीकॅन. नवीन काही बसवताना हीच रचना डोळ्यांसमोर ठेवली, तर निम्मं काम सोपं होतं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या होत्या. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. एमएच ०१ क्रमांकाच्या गाड्यांचं आरटीओ कार्यालय ताडदेवला आहे. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. त्यामुळे पेटाऱ्यासाठी बाकडी काढली, तर कागद आणि गाडी जुळत नाहीत.

मग सामान कुठे ठेवायचं?

- बाकड्यांच्या मधे: मागे समोरासमोर बाकडी असतील, तर मधल्या जागेत बसेल असा कुलपाचा बुटका पेटारा करून घ्या. तो बोल्टने बसवा, वेल्डिंग नको. तपासणीच्या दिवशी पाना घेऊन काढता आला पाहिजे. माणसं बसणार असतील, तेव्हाही तो बाहेर काढून ठेवा.
- वजन खाली आणि मधे: जीप उंच आणि अरुंद असते, वर वजन गेलं की वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. कापडी हुडाचे दांडे सामान पेलण्यासाठी नसतात.
- जेरीकॅन पाण्यासाठी: २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, शिवाय डब्याचं वेगळं. डबा पट्ट्याने घट्ट बांधा. त्यात पेट्रोल घेऊन फिरू नका.
- पाण्याला वाट: तळातली पाणी जाण्याची भोकं पेटाऱ्याखाली बुजू देऊ नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत साचलेलं पाणी पत्रा लवकर खातं. नवीन भोकाच्या कडेला आधी गंजरोधक रंग लावा, मगच बोल्ट बसवा. पत्र्याच्या खालच्या बाजूने रुंद वॉशर किंवा पट्टी द्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. विलीज घडणीच्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तिथे ड्रिल चालवण्याआधी खाली वाकून बघा.

वायरिंगमध्ये घाई नको

महायुद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा होती, नंतरच्या गाड्यांमध्ये १२ व्होल्टची आली. चार्जर किंवा दिवा घेण्याआधी आपली गाडी कोणती, ते तपासा. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर वीज घेतो, म्हणजे दोन दिवे नऊच्या पुढे. एवढा भार जुन्या स्विचवर टाकला तर तो तापतो, आगही लागू शकते. बॅटरीपासून वेगळी वायर घ्या, बॅटरीजवळच फ्यूज लावा आणि दिव्यांसाठी रिले वापरा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच हवंच.

सामान कुठे मिळेल?

नट-बोल्ट, बिजागऱ्या, कड्या यांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायरसाठी लोहार चाळ, रिले आणि कनेक्टरसाठी लॅमिंग्टन रोड. गाडीच्या सुट्या भागांची जुनी दुकानं ऑपेरा हाऊस परिसरात आहेत. एका शनिवारी सगळं पायी फिरून होतं.

थोडक्यात

कोणतीही वस्तू बसवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ती पान्याने काढता येते का? तिच्यामुळे आरसीवरची एखादी नोंद खोटी ठरते का? अपघातात ती कुणाला लागेल का? उत्तर खात्रीने देता येत नसेल, तर वेल्डरकडे जाण्याआधी ताडदेवला जाऊन विचारा. ती एक फेरी वाचवण्याच्या नादात वर्षानुवर्षं जपलेली गाडी नूतनीकरणाविना उभी राहू नये.