डोंगरांसाठी घडलेलं गणित, केळव्याच्या सपाटीवर

पालघरच्या किनाऱ्यावरच्या केळव्यात वीतभर उतारालाही किंमत आहे. उधाणाचं पाणी खाजणात कुठवर चढेल, पावसाचं पाणी खाडीकडे निघेल की पानवेलींच्या मुळाशी तुंबेल, हे तेवढ्याशा कलावर ठरतं. आज हा कल संगणक क्षणात काढून देतो. मात्र त्यामागचं गणित डोंगर रेखाटणाऱ्यांच्या कुळातलं आहे.

१७९९ मध्ये सॅक्सनीच्या सैन्यातला अधिकारी योहान गेऑर्ग लेमान याने नकाशासाठी एक नियम बांधला. उजेड माथ्यावरून सरळ खाली पडतो असं धरायचं. सपाट जमीन पांढरी ठेवायची, चढ वाढेल तशा रेघा जाड करायच्या, ४५ अंशांना सगळं काळं. उतार मोजून मग रंगवायचा, ही शिस्त त्यात होती.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत चार्ल्स मिलर यांनी महामार्गांची आखणी संगणकावर करता यावी म्हणून जमिनीची उंची आकड्यांत साठवण्याची पद्धत मांडली. तिथल्याच बर्थोल्ड हॉर्न यांनी १९८१ मध्ये नकाशातल्या डोंगरांवर संगणकाने छाया कशी टाकावी यावर लेख लिहिला. छायेसाठी आधी उतार हवा. तो त्यांनी असा काढला: जमीन सारख्या चौकटींत विभागायची, मधल्या चौकटीभोवतीच्या आठ चौकटींची उंची घ्यायची, समोरच्या शेजाऱ्यांना दुप्पट वजन द्यायचं, कोपऱ्यांना एकपट. उजव्या स्तंभाच्या बेरजेतून डाव्याची वजा करायची आणि चौकटीच्या रुंदीच्या आठपटीने भागायचं. वरच्या-खालच्या ओळींचंही तसंच. आज उताराच्या बहुतेक नकाशांमागे हेच सूत्र असतं.

सूत्राला लागणारे उंचीचे आकडे मोजले गेले फेब्रुवारी २००० मध्ये. एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने जगातली बहुतेक जमीन मोजली. केळवेही त्यात आलं. चौकट सुमारे ३० मीटरची, उंची पूर्ण मीटरमध्ये. इथेच घोळ होतो. समजा, खाजणात ३०० मीटरांत जमीन एक मीटर चढते, म्हणजे खरा उतार अंशाच्या पाचव्या भागाएवढा. आकड्यांत मात्र बराच वेळ ३ आणि मग एकदम ४. सूत्रात घातलं की चार भागिले दोनशे चाळीस, म्हणजे जवळपास एक अंश. तो उतार फक्त त्या पायरीलगतच्या दोन पट्ट्यांत. बाकी सगळीकडे शून्य. सौम्य उताराचा जिना होतो.

सुरूच्या बनात तर आणखी फसगत. रडारच्या लहरी झाडांच्या पसाऱ्यातूनच परततात, त्यामुळे बनाच्या कडेला जमिनीवर नसलेला कडा नकाशात उभा राहतो.

पालघरजवळच्या काळदुर्गावर हेच आकडे चोख काम देतात. शेकडो मीटरांच्या चढात एका मीटरची पायरी विरून जाते. केळव्यात नालीचा उतार ठरवायचा असेल, तर मात्र डंपी लेव्हल हे पातळी मोजण्याचं यंत्र घेऊन बांधावर उभं राहावं आणि मोजपट्टीवर मिलिमीटर वाचावेत.