गोंदण आणि स्नानसंस्कार

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर व पांढुर्णा या तालुक्यांत साठी उलटलेली ग्रामीण स्त्री, मग ती गोंड असो, कुणबी असो वा तेली, बहुधा गोंदलेली आढळते. कोणाच्या कपाळावर व हनुवटीवर ठिपके असतात, कोणाच्या मनगटावर तुळशीवृंदावन वा विंचू असतो, तर एखादीच्या पोटऱ्यांवर रेघांच्या ओळीच्या ओळी असतात. हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पर्यंत तो छिंदवाडा जिल्ह्याचा भाग होता व त्या वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरची बोली मात्र बव्हंशी मराठीच राहिली. या बोलीत ज्याला गोंदण म्हणतात त्यालाच बाजारच्या हिंदीत गोदना म्हणतात.

अशी स्त्री ख्रिस्तसभेच्या दाराशी येते तेव्हा धर्मशिक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन कोणीतरी पुढे करतो आणि विचारतो, की ज्या खुणेस शास्त्राने मनाई केली ती अंगावर असता स्नानसंस्कार कसा द्यावा? काही ठिकाणी असे प्रश्न त्या स्त्रीच्या समक्षच विचारले जातात, आणि ती पदर ओढून हात झाकते. हा पदर आम्हांस विचार करण्यास भाग पाडतो. उत्तर देण्यापूर्वी ही चाल काय आहे हे तरी नीट समजून घेतले पाहिजे.

कॅप्टन जेम्स फोरसिथ यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशाविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे, की गावाजवळून जाणाऱ्या वाटसरूच्या कानी कधीकधी मोठा आक्रोश येई व त्यावरून एखाद्या गोंड मुलीचे गोंदण चालले असल्याचे कळे. पुढे १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयी चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांच्या गोंदणाची जी माहिती आहे ती आमच्या विषयास फार उपयोगी आहे. गोंदण शक्यतो लग्नाआधी आणि वडिलांच्या घरी व्हावे, असा दंडक होता. लग्नानंतर झालेच, तर त्याचा खर्च माहेरच्यांनी सोसावयाचा. मंडला भागातील स्त्रियांच्या पायांवर मागील बाजूस समांतर रेघांचे संच असत. त्यांना ‘घाट’ म्हणत, आणि त्यांच्यामध्ये कोठेकोठे ‘सांकळ’ काढीत. पुरुषांतही पूर्वी ही चाल होती, पण त्या काळी ती मागे पडत चालली होती. मांत्रिक मात्र छातीवर किंवा उजव्या खांद्यावर आपल्या देवाची आकृती गोंदवून घेत. त्यायोगे देव सदैव जवळ राहतो व शत्रूची करणी बाधत नाही, अशी त्यांची समजूत होती. मुलीच्या पोटरीवरील घाट आणि मांत्रिकाच्या खांद्यावरील देव यांतील हा भेद ध्यानी ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

गोंदण्याचे काम स्त्रियांचेच. ओझा समाजातील स्त्रिया यात निष्णात म्हणून रसेल-हिरालालांच्या ग्रंथात नमूद आहेत. काजळी तेलात खलून किंवा नीळ घेऊन तिचा रंग करावयाचा, आकृती काढावयाची व जुडीने बांधलेल्या सुयांनी ती त्वचेत टोचीत न्यावयाची. मग रक्त पुसून हळद व तेल लावावयाचे. मुलीस धरून ठेवावयास मैत्रिणी वा घरच्या बाया असत. येथे आम्ही भावुक होऊ इच्छीत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीची संमती कोणी विचारीत नसे, आणि वेदना तर खरीच होती. गोंदणाविरुद्ध आक्षेप घ्यावयाचाच, तर तो येथे घेता येईल. जुन्या करारातील एका वचनाचा आधार घेऊन घेतलेल्या आक्षेपापेक्षा तो कितीतरी बळकट आहे.

तथापि वेदना हेच या चालीचे सर्वस्व नव्हते. मेल्यावर अंगावरचे सारे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, ही समजूत विदर्भापासून नर्मदेपर्यंत सर्व थरांतील स्त्रियांत होती. तिच्यामागे कठोर अनुभव होता. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. अशा वर्षी गरिबाघरची चांदी सावकाराकडे जाई, ती बहुधा परत येत नसे. जे गहाण टाकता येत नाही आणि सासरचे काढून घेऊ शकत नाहीत असे स्त्रीधन गोंदणाखेरीज तिच्यापाशी दुसरे कोणते होते? ते माहेरने दिलेले होते. ज्या मुलीला जमिनीत वाटा नव्हता आणि लिहिता-वाचता येत नव्हते, तिच्या हातावर तिच्या बापाचे घर लिहिलेले होते.

आता शास्त्रवचनाकडे वळू. लेवीय ग्रंथातील ते वचन मृतांसाठी अंगावर वार करण्यास आणि त्वचेवर खुणा करण्यास एकाच वाक्यात मनाई करते. खुणेसाठी तेथे जो हिब्रू शब्द आहे तो साऱ्या जुन्या करारात पुन्हा कोठेही येत नाही, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ ठरविणे कठीण आहे. संदर्भ मात्र अन्य राष्ट्रांच्या शोकविधींचा व दैवतांच्या चालींचा दिसतो. त्याच्या अगदी आधीच्या वचनात दाढीच्या कडा छाटण्यास मनाई आहे, पण तिचा आधार घेऊन कोणा धर्मशिक्षकाने न्हाव्याकडे जाणाऱ्यास अडविल्याचे आमच्या ऐकिवात नाही! उलट यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराचा म्हणवून घेणारा मनुष्य आपल्या हातावर तसे लिहितो, आणि एकोणपन्नासाव्या अध्यायात परमेश्वरच सियोनेस आपल्या तळहातांवर कोरून ठेवतो. यहेज्केलाच्या नवव्या अध्यायात शोक करणाऱ्यांच्या कपाळावर जे चिन्ह करावयाचे ते ‘ताव’ हे अक्षर होते, आणि जुन्या हिब्रू लिपीत त्याचा आकार क्रुसासारखा होता. पौल तर गलतीकरांस सांगतो, की येशूच्या खुणा मी आपल्या शरीरावर वागवितो. तो आपल्या जखमांविषयी बोलत आहे हे खरे, पण त्याने वापरलेला ग्रीक शब्द गुलामांच्या अंगावरील खुणेचाच आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही एकच एक मत आढळत नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टंटाइनने गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर खूण करण्यास बंदी घातली, कारण मुखावर स्वर्गीय सौंदर्याचे प्रतिबिंब असते. हात-पाय मात्र त्या बंदीतून वगळले होते. गाझा येथील प्रोकोपियस सहाव्या शतकात यशयावरील भाष्यात सांगतो, की पुष्कळ ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रूस अथवा ख्रिस्ताचे नाव कोरवून घेतात. इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियात ७८६ मध्ये पोपच्या वकिलांनी भरविलेल्या सभेने विधर्मी पद्धतीच्या गोंदणाचा निषेध केला, परंतु देवासाठी कोणी ही वेदना सोसली तर त्यास मोठे प्रतिफळ मिळेल, असेही म्हटले. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती आजही उजव्या मनगटावर लहानसा क्रूस गोंदवून घेतात. छळाच्या देशात ती खूण झाकता येत नाही, आणि त्यांना ती झाकावयाचीही नसते.

मिशनकार्याने या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा पाहिली ती प्रशांत महासागरात. सामोआ बेटांवर पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत ‘पेआ’ गोंदवून घेतात व स्त्रिया मांड्यांवर ‘मालू’ हे विरळ, नाजूक गोंदण घेतात. हाडाच्या वा रानडुकराच्या सुळ्याच्या दातेरी फणीवर काठीने ठोके देत हे काम दिवसेंदिवस चालते. पेआ अर्धवट सोडणे हा साऱ्या कुटुंबाला कमीपणा वाटतो, आणि तो पूर्ण झालेला तरुण वडीलधाऱ्यांच्या सेवेस पात्र ठरतो. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० मध्ये तेथे पोहोचले. त्यांच्या मंडळीने या चालीस विरोध केला, पण ती मिटली नाही. मागाहून आलेल्या कॅथलिक मिशनऱ्यांनी तितका कडक पवित्रा घेतला नाही. आज सामोअन समाज जवळजवळ सर्वस्वी ख्रिस्ती आहे, आणि रविवारी उपासनेस जाणाऱ्या कुटुंबांतही पेआ व मालू मानाने धारण केले जातात. शेजारच्या ताहितीत मात्र मिशनऱ्यांच्या सल्ल्याने झालेल्या कायद्यांनी गोंदणास बंदी आली व ती कला लयास गेली. १९८० नंतर तेथील तरुणांना ती पुन्हा शिकावीशी वाटली, तेव्हा त्यांना सामोआच्या कारागिरांचे साहाय्य घ्यावे लागले. ‘टॅटू’ हा जगभर झालेला शब्द ज्या बेटाच्या भाषेतून कुकच्या १७६९ च्या सफरीनंतर युरोपात गेला, त्याच बेटावर ही वेळ आली.

आमच्या प्रदेशात असा कायदा कोणी केला नाही. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी तर गोंडांची गीते व चालीरीती टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली. गोंदणाचा दुरुपयोग केला तो कंपनी सरकारने. १७९७ पासून बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई, व ही शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. माहेरच्या मायेची खूण आणि सरकारी कलंक या दोहोंस तेव्हा एकच नाव होते, ‘गोदना’.

तेव्हा आमचे मत असे. मांत्रिकाच्या खांद्यावरील देव हा श्रद्धेचा प्रश्न आहे. त्याविषयी दीक्षार्थ्याशी सावकाश बोलावे, आणि तेथेही त्वचेपेक्षा मनाची चौकशी करावी. स्त्रीच्या हातावरील विंचू, वृंदावन वा पायांवरील घाट यांबद्दल पश्चात्ताप मागण्यास शास्त्रात आधार नाही. तुळशीवृंदावन हे हिंदू घराचे चिन्ह आहे हे आम्ही जाणतो. परंतु ते तिने निवडलेले नव्हते, तिला दिलेले होते. तरुणांच्या बाबतीत मात्र धर्मशिक्षकाने एक गोष्ट स्पष्ट सांगावी. यात्रा-जत्रांतून यंत्राने गोंदणारे पुष्कळदा एकच सुई अनेकांस लावतात, आणि तिच्यातून कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. मनगटावर क्रूस हवा असलेल्या तरुणासही हे लागू आहे.

सुयांची जुडी घेऊन दारोदार येणारी गोंदणारीण आता क्वचितच दिसते, आणि जुन्या आकृत्यांची नावे सांगू शकणाऱ्या बाया वृद्ध झाल्या आहेत. घरभेटीच्या वेळी धर्मशिक्षकांनी त्यांना विचारावे, की हे कोणी गोंदले, कोणाच्या अंगणात, आणि याला काय म्हणत. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह वहीत उतरवून ठेवावीत.