खरखरीत पान, बोलका पराग

आमच्या घरी कुणाला धडधडू लागलं, झोप येईनाशी झाली की अम्मी गावजबानचा काढा करायची. युनानी औषधांतली ही नामांकित वनस्पती. फारसीत 'गाव' म्हणजे गाय आणि 'जबान' म्हणजे जीभ. पान हातात घेतलं की नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एकदा मी दोन दुकानांतून दोन पुड्या आणल्या. नाव एकच, पानं मात्र निराळी. अम्मीनं दोन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "खरखरीत तर दोन्ही आहेत रे. यातली खरी कुठली?"

अम्मीचा हा प्रश्न वनस्पतिशास्त्रालाही फार जुना आहे. गावजबान ज्या कुळातली, त्याला आपण भोकर कुल म्हणतो. लोणच्याचं भोकर, रस्त्याकडेची भुरुंडी, कासच्या पठारावरची निळी निसुर्डी ही सारी त्यातलीच. अठराव्या शतकात लिनियसनं यातल्या वनस्पतींच्या गटासाठी जे लॅटिन नाव वापरलं, त्याचा अर्थच 'खरखरीत पानांच्या'. जर्मन भाषेत आजही या कुळाचं नाव तसंच आहे. म्हणजे हकीम आणि पंडित, दोघांनीही आधी पानावरून हातच फिरवला होता!

पण स्पर्शावर शास्त्र किती दिवस चालणार? पुढं फुलं आणि फळं तपासली गेली. कुळातल्या पुष्कळ वनस्पतींना चार छोट्या टणक फळकुळ्या धरतात, तर भोकराला गर आणि आत एकच आठळी. मग नात्याचा आणखी पुरावा शोधायचा कुठं? तो फुलातल्या पिवळ्या धुळीत होता.

१६८२ मध्ये नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्यानं लिहून ठेवलं, की परागकणांचा आकार जातीजातीत वेगळा असतो, पण एकाच जातीत तो बदलत नाही. १८३४ मध्ये जर्मनीच्या ह्युगो फॉन मोल यांनी परागांच्या रचनेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. परागाचं बाहेरचं कवच विलक्षण चिवट असतं. हजारो वर्षं चिखलात पडूनही ते टिकतं. स्वीडनच्या गुन्नार एर्टमन यांनी तीव्र आम्लांनी आतला भाग काढून टाकून हे कवच स्वच्छ करण्याची रीत रूढ केली. १९५२ मध्ये त्यांनी फुलझाडांच्या कुळांचे पराग एका ग्रंथात मांडले. तोवर या विद्येला 'पॅलिनॉलॉजी' असं नावही मिळालं होतं, १९४४ मध्ये.

भोकर कुलात तर परागांची जत्राच आहे. मायोसोटिस, म्हणजे 'मला विसरू नकोस' या नावानं ओळखलं जाणारं निळं फूल. त्याचा पराग जगातल्या सर्वांत लहान परागांपैकी एक. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम पाच! आकार मधे आवळलेल्या डंबेलसारखा. त्यावर उभ्या खाचा असतात, एकीत छिद्र, शेजारचीत नाही. अमेरिकेचे आयव्हन जॉन्स्टन यांनी या कुळावर अनेक वर्षं खपून काम केलं. १९५० नंतरच्या काही वर्षांत लिथोस्पर्मम आणि तिच्या जवळच्या प्रजाती तपासताना त्यांनी परागांची ठेवण बारकाईनं नोंदवली. आपल्याकडे गावजबान म्हणून विकली जाणारी ओनोस्मा याच गोतावळ्यातली.

सर्वांत रंजक कथा मात्र भोकराच्या भाऊबंदांची. १७५६ मध्ये पॅट्रिक ब्राउन यांनी जमैकातल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात व्हॅरोनिया ही प्रजाती वेगळी मांडली. पुढच्या पंडितांनी ती भोकराच्या कॉर्डिया प्रजातीत मिसळून टाकली. १९७३ मध्ये जोन नोविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं कॉर्डियाचे पराग तपासून प्रसिद्ध केले. व्हॅरोनियाच्या परागाला तीन छिद्रं आणि वर जाळीची नक्षी. भोकराच्या गटातल्या परागाला खाचा आणि अंगावर बारीक काटे. पराग सांगत होता की ही घरं दोन आहेत. पुढं डीएनएची तपासणी आली, तिनंही तेच सांगितलं. २००७ मध्ये व्हॅरोनियाला तिचं नाव परत मिळालं. अडीचशे वर्षांनी!

पराग सर्वज्ञ आहे असं मात्र नाही. जवळच्या जातींचे पराग इतके सारखे असतात की तिथं तो गप्प बसतो. मग पान, फळ, डीएनए या सगळ्यांची साक्ष काढावी लागते.

आणि ही नुसती नावांची हौस नव्हे. या कुळातल्या अनेक वनस्पतींत यकृताला घातक अशी द्रव्यं असतात. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानच्या हेरात भागात भुरुंडीच्या एका भाईबंदाचं बी गव्हात मिसळलं गेलं. त्या गव्हाची भाकरी खाऊन शेकडो माणसांची यकृतं निकामी झाली. कुठली वनस्पती पोटात जाते आहे, हे कळणं तिथं जिवाशी गाठ होती.

अम्मी आज नाही. गावजबानची फुलंही बाजारात वेगळी मिळतात. ती सुकली, चुरगळली तरी त्यांत पराग शिल्लक असेल, तर कुठल्या घराण्याचं फूल आहे याचा माग त्यावरून काढता येतो. तिचं बोट जिथं थांबलं होतं, त्याच्या पुढची वाट त्या धुळीत होती. तिला हे सांगायचं राहून गेलं.