चंद्रमुखी

हार्मोनच्या औषधाने वाढ पुरी झालेल्या माणसाच्या शरीराची ठेवण बदलते का? आपल्याकडे याचं उत्तर तयारच असतं. "छे, गोळ्यांचं निमित्त. तोंडावर ताबा नको?" सध्या कॉर्टिसोनच्या शोधाबद्दल वाचतेय, आणि हे उत्तर किती चुकीचं आहे ते कळायला जगाला १९४८ साल उजाडावं लागलं, हे वाचून मजा वाटली. म्हटलं, लिहून टाकावं.

पण सुरुवात थोडी आधीपासून करायला हवी. हार्वे कुशिंग हे अमेरिकेतले मेंदूचे नावाजलेले सर्जन. १९१२ साली त्यांनी पिट्युटरी ग्रंथीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात २३ वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. गोल गरगरीत चेहरा, सुटलेलं पोट, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा, अंगावर जांभळट चरे, आणि हातपाय मात्र बारीक. अशीच १२ माणसं गोळा करून त्यांनी १९३२ साली निष्कर्ष मांडला की हा पिट्युटरीतल्या छोट्याशा गाठीचा प्रताप. अडचण एकच होती. काही जणांमध्ये पिट्युटरी ठणठणीत असायची आणि गाठ सापडायची मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत. मग खरा चोर कोण? कुशिंग १९३९ साली गेले. कॉर्टिसोनची करामत काही त्यांना बघायला मिळाली नाही.

आता मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये चला. तिथे फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९ साली त्यांच्या एका संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे चक्क मोकळे झाले! गरोदरपणातही बायकांचा संधिवात निवळतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शरीरातच काहीतरी तयार होतंय. त्याला त्यांनी नाव दिलं 'सबस्टन्स एक्स'. त्याच क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल अॅड्रिनल ग्रंथीतून एकेक रसायन वेगळं काढत बसले होते. त्यातलं 'कंपाउंड ई' पुढे मर्क कंपनीत बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून, कितीतरी पायऱ्या चढून, थोडंथोडं बनवता येऊ लागलं.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका बाईला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. सांधे इतके आखडलेले की चालणं मुश्कील. डोस दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे आजच्या हिशेबात प्रेडनिसोलोन साधारण २० मिलिग्रॅम. दोन-तीन दिवसांत ती हिंडूफिरू लागली आणि आठवड्याभरात गावात खरेदी करून आली. पुढच्या एप्रिलमध्ये हेंच यांनी हे निष्कर्ष जाहीर केले, आणि १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधले राइखस्टाइन यांना नोबेल मिळालंसुद्धा. इतक्या झटपट नोबेल!

पण इकडे काही आठवड्यांतच रुग्णांचे चेहरे गोल व्हायला लागले होते. पोट सुटलं, मानेमागे चरबी चढली, कातडी पातळ झाली. काहींची मनंही बिघडली. कुशिंग यांनी लिहून ठेवलेलं अख्खं चित्र आता औषधाच्या बाटलीतून तयार होत होतं. गाठ पिट्युटरीत असो वा अॅड्रिनलमध्ये, शेवटी रक्तात जास्तीचं उतरतं ते अॅड्रिनलचंच रसायन, हे त्यातून उलगडलं. आणि बरा होऊ पाहणारा प्रत्येक जण नकळत त्याचा पुरावा ठरला. मला हे वाचताना जरा कसंसंच झालं.

यात भूक वाढते, हे खरं आहे. पण नुसत्या भुकेने माणूस सगळीकडून फुगला असता. इथे तसं होत नाही. हातापायांच्या स्नायूंतली प्रथिनं मोडली जातात, म्हणून ते काटकुळे होतात आणि जिना चढताना मांड्या दगा देतात. चरबी मात्र गाल, मान आणि पोट अशा ठरावीक जागी जाऊन बसते. हाडांची लांबी काही बदलत नाही, वाढीची टोकं केव्हाच बंद झालेली असतात. पण हाडं ठिसूळ होऊन मणके दबले तर उंची घटू शकते.

१९५५ साली प्रेडनिसोन आलं. अंगात मीठपाणी साठायचं ते प्रमाण त्याने खूप कमी केलं. गोल चेहरा मात्र राहिलाच. जॉन केनेडी यांचे फोटो ओळीने लावून बघा. त्यांना १९४७ साली अॅडिसनचा आजार निघाला, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीच थकलेली. १९४० च्या दशकातला हडकुळा तरुण आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरचे ते भरलेले गाल. कॉर्टिसोन चालू होतं, पण १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या बाजूने हा आजार नाकारला गेला. लोकांना मात्र तो चेहरा तब्येतीचाच वाटला.

आमच्या आत्याचंही तेच झालं. (घरच्यांनो, तिला विचारूनच लिहितेय.) संधिवातासाठी तिला काही महिने या गोळ्या होत्या. डॉक्टरांच्या भाषेत त्या चेहऱ्याला 'मून फेस' म्हणतात. चंद्रमुखी म्हणजे कौतुक, असा आपला हिशेब! एका लग्नात तिला जो भेटेल तो म्हणे, "काय वहिनी, तब्येत सुधारली हो!" घरी आल्यावर तिने गोळ्यांचं पाकीट कपाटात खाली ढकललं. काकांनी ते बाहेर काढलं आणि तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर स्वतःची ग्रंथी आळसावते, आणि गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब धाडकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी तिला नीट बसवून सांगितलं. मग डोस उतरवत उतरवत नेला. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी गाल ओसरले.

तिचं निदान माहीत तरी होतं. गुडघेदुखीवर कुणाच्या तरी सांगण्यावरून जडीबुटीच्या पुड्या आणणारे कितीतरी आहेत, आणि अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवसांत गुडघे हलके होतात, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो. डॉक्टर विचारतात, "काही औषधं चालू आहेत का?" उत्तर येतं, "नाही." कारण पुडी ही आपल्या मते औषधांत मोडतच नाही. पुढच्या वेळी कुणाला घेऊन जाल तेव्हा ती पुडीही सोबत न्या.